जानेवारीत फुललेला लिंब

“मॅडम, तुम्हाला ह्याचा कंटाळा येत न्हाई का?”

असं विचारून दाखव, म्हणून पिंकी आणि राजेश्रीनं माझ्याशी पैज लावली होती. पैज एका कुल्फीची.

मे महिना होता आणि आम्ही तिघी कॉलेजच्या व्हरांड्यात गार पाण्याच्या मशीनला टेकून बसलो होतो. गंगाखेडात दुपारी गार पाणी फुकट मिळायची हीच एक जागा, आणि माझे वडील, नाना, तिथं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई, म्हणून त्या पाण्यावर आमचा हक्क आहे असं आम्ही ठरवून टाकलं होतं. समोरच्या खिडकीतून विद्यापीठातून आलेल्या मॅडम दिसत होत्या. गठ्ठ्यातला एक जाड कागद उचलायचा, कोपऱ्यात स्टिकर लावायचा, कॅमेऱ्याखाली ठेवायचा, बटन दाबायचं, मग कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करायचं आणि पुढचा कागद. अर्धा तास झाला तरी बाईनं मान वर केली नव्हती. पिंकी म्हणाली, ही मशीन आहे. राजेश्री म्हणाली, न्हाई, उघड्या डोळ्यांनी झोपलीय. मी म्हणाले, मी विचारून येते.

वर्षापूर्वी मी हे केलं नसतं. आठवीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’ इतकं हळू म्हणायचे की सर माझी गैरहजेरी मांडायचे. या सव्वीस जानेवारीला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा बसला आणि सरांनी माइक माझ्या हातात कोंबला. तेव्हापासून माझं तोंड बंद झालेलं नाही. माय येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, “ह्या पोरीच्या माइकचं बटन कुठाय, तेवढं दावा कुणीतरी.”

मॅडमनी वर बघितलं. चष्मा कपाळावर सारला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. हाकलून देतील असं वाटलं.

“येतो,” त्या म्हणाल्या. “रोज साधारण अकरा वाजता येतो. तुला वेळ आहे का?”

कुल्फी मी त्याच संध्याकाळी वसूल केली. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर होते.

ती खोली म्हणजे तीन लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास आणि बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. पंखा लावायचा नाही, कारण वाळकी पानं उडतात. खिडकी अर्धीच उघडायची, कारण फोटोवर उजेडाची तिरीप पडते. दोन वाजता लाइट जायची, मग आम्ही मानेवर ओले रुमाल टाकून गप बसायचो. शीला मॅडम कमरेला पट्टा बांधून काम करायच्या. दिवाळीपासून हे त्यांचं सहावं कॉलेज होतं. कुठल्या गावी कुठल्या लॉजवर पाणी येत नाही, हे त्यांना पाठ होतं. जूनअखेर सगळं संपवून द्यायचं, एवढंच त्या सारखं म्हणायच्या, आणि ते म्हणतानाही थकल्यासारख्या दिसायच्या.

एका कागदाला तिथं शीट म्हणतात. झाडाची डहाळी फुलापानांसकट आणायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि जाड पांढऱ्या कागदावर पक्की करायची. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: झाडाचं नाव, गाव, कुणी आणलं, कधी तोडलं. बी. एस्सी.च्या पोरांना परीक्षेसाठी अशा तीस शीट द्याव्याच लागायच्या. त्यातल्या बऱ्याचशा कॉलेज ठेवून घ्यायचं. असं चाळीस वर्षं चाललेलं.

मला वाटलं होतं, हे जपून ठेवण्यासाठी फोटो काढत असतील. मॅडमनी सांगितलं, झाड नको आहे मला, तारीख पाहिजे. कुठलं झाड कुठल्या साली कधी फुललं, याची डायरी आपल्याकडं कुणी ठेवली नाही. पण ह्या पोरांनी न कळत ती लिहून ठेवलीय. ऊन वाढलं, थंडी कमी झाली, तर झाडं आपली वेळ बदलतात का, ते ह्या चिठ्ठ्यांवरून कळेल. मला ते इतकं आवडलं की मी त्या दिवशी घरी जाऊन आमच्या दारातल्या जास्वंदीलाही विचारलं, तू कधीपासून फुलायलीस म्हणून.

माझं काम चिठ्ठी मोठ्यानं वाचायची आणि भिंगातून कळ्या, फुलं, फळं वेगवेगळी मोजायची. मॅडम टाइप करायच्या. नानांचं काम कपाटातून गठ्ठा आणायचा आणि झालेला परत न्यायचा. नाना घरीही फार बोलत नाहीत, पण त्या खोलीत तर शब्दच नाही. गठ्ठा ठेवायचे आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. मॅडम म्हणायच्या, रायभानमामा, बसा की. ते मान हलवायचे आणि बसायचे नाहीत. त्यांचे गुडघे गेलेत आणि नोकरीची दोन वर्षं उरलीत. मला वाटायचं, वयामुळं असेल.

आठवडाभरात माझाही उत्साह वाळला. टाकळा, आघाडा, गोखरू, पुन्हा टाकळा. संध्याकाळी डोळे मिटले तरी पापणीआड कळ्याच दिसायच्या. पिंकी विचारायची, आज काय शोध लावलास ग? मी म्हणायचे, आज एकशे दहा टाकळे. मग ती बिचारी विषय बदलायची.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी लिंबाचा गठ्ठा आला. लिंब म्हणजे कडुनिंब. आमच्याकडं नुसतं लिंबच म्हणतात. सतरा शीट होत्या. पहिल्या पाच-सहा एप्रिलच्या, मार्चअखेरच्या. मग मी वाचलं: “ठिकाण चुडावा. तारीख अठरा जानेवारी दोन हजार दहा.”

मॅडमचे हात थांबले. पुन्हा वाच म्हणाल्या. मी वाचलं. फुलं उमललेली आहेत का कळ्या? मी मोजली. छत्तीस उमललेली, कळ्या थोड्याच. त्यांनी स्वतः भिंग घेऊन मोजली. छत्तीसच.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत अशा नऊ शीट निघाल्या. दोन हजार सात ते तेरा या सालांतल्या, सगळ्या चुडाव्याच्या, सगळ्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यातल्या, आणि सगळ्यांवर फुलांचे घोस. मॅडम उठून उभ्या राहिल्या. कमरेला हात न लावता उठताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. म्हणाल्या, आपल्याकडं हा मार्चच्या शेवटाला फुलायला लागतो, म्हणजे हा दोन-अडीच महिने आधी फुलायला लागला होता, आणि तोही सात वर्षं. व्हरांड्यात जाऊन त्यांनी त्यांच्या सरांना फोन लावला. आवाज वेगळाच होता, आमच्या शाळेतल्या बाई स्नेहसंमेलनात बोलतात तसा. परत येऊन म्हणाल्या, सोमवारी मी ही यादी आणि लेखाचा मसुदा पाठवणार आहे, आणि ही गोष्ट पहिल्यांदा तू वाचलीस, म्हणून त्यात तुझं नाव जाईल.

छापून नाव. पिंकीनं तासाभरात माझा फोटो स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, ‘आमची शास्त्रज्ञ’. राजेश्रीनं विचारलं, नाव पूर्ण टाकणार का नुसतं प्रियदर्शनी? मी म्हणाले, प्रियदर्शनी रायभान, नानांसकट.

घरी गेले तर माय भाकरी थापायलेली. मी एका दमात सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “संक्रांतीला लिंब फुलतो व्हय ग? पाडव्याला निवदात टाकायला फुलं शोधू शोधू आणावी लागत्यात. कैकदा कळ्यावरच भागवायचं.”

मी म्हणाले, माय, हे हवामान बदलाचं आहे, तुला नाही कळणार, तू शाळेत गेली असतीस तर कळलं असतं. बोलून झाल्यावर मला कसंतरी झालं, पण ती रागावली नाही.

“लिंब तरी शाळेत गेलता का?” ती म्हणाली.

मग मी इरेला पेटले. मॅडमनी मला पाठवलेला फोटो फोनवर काढला आणि तिच्या पुढ्यात धरला. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, फोन लांब धरून बघितला. फुलं आहेत खरी, म्हणाली. मग तिनं फोटो बोटानं मोठा केला, मी तिला शिकवलं होतं तसा, आणि फुलं सोडून दुसरंच काही बघायला लागली. डहाळी तीन ठिकाणी पांढऱ्या दोऱ्यानं कागदाला शिवलेली होती.

“हे शिवलंय कुणी?”

मी म्हणाले, ज्या पोरानं आणलं त्यानं, दुसरं कोण.

“आडवा टाका, त्याच्यावर उलटी गाठ, आन् दोऱ्याचा शेव आत दडवायचा. पोती आशीच शिवत्यात तुझे नाना. माझ्या झंपराची हुकंबी त्यांनी आशीच लावलीत.” तिनं पदराखालून खांद्याकडचा झंपर पुढं करून दाखवला.

आम्ही दोघींनी नानांकडं बघितलं. ते मोरीवर हात धुवायलेले. जेवण अजून झालं नव्हतं.

त्यांनी ते काही लपवलं नाही. फक्त सांगायला लय वेळ लावला, आणि मधेमधे पाणी पीत राहिले.

त्या काळात बन्सीधर सर म्हणून विभागप्रमुख होते. तीस शीट नाहीत तर प्रात्यक्षिकाला बसायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यातल्या बऱ्याच शीटांवर तारीख सहलीचीच पाहिजे, कारण गोळा करायची सहल ते दर संक्रांतीनंतर रेल्वेनं चुडाव्याला न्यायचे. पण वर्गातली काही पोरं तेव्हा तिथं असायचीच नाहीत. दिवाळी झाली की घरच्यांबरोबर ऊसतोडीला जायची, कारखान्याच्या आवारात पालात राहायची आणि एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की परभारे परीक्षेला यायची. पहिल्यांदा हरिओम आला. हातावर पाचटानं कापल्याच्या रेषा, पिशवीत एक वही, आणि परीक्षेला आठ दिवस. नानांना म्हणाला, मामा, एकबी शीट न्हाई, मी घरी जातो.

“मीबी त्याच्या वयात कोयत्यावर होतो,” नाना म्हणाले. “मला कुणी थांब म्हणलं न्हवतं.”

म्हणून ते त्याला थांब म्हणाले. एप्रिलात जे काही फुलतं, लिंब, बहावा, करंज, ते प्रयोगशाळेच्या मागं आणि नदीच्या वाटेला होतंच. त्यांनी तोडलं, पत्र्यावर उन्हात दाबून चार दिवसांत वाळवलं, रात्रपाळी केल्यासारखं शिवलं आणि चिठ्ठीवर सहलीची तारीख घातली. गावही चुडावा घातलं. सरांनी तीस शीट मोजल्या, सही केली. सर पानं मोजायचे, फूल कधीचं ते बघायचे नाहीत. पुढच्या वर्षी आणखी एक पोरगा आला, मग एक पोरगी. सात वर्षांत नऊ जण. हरिओम आता मानवतला शिक्षक आहे. एक पोरगी तलाठी झाली.

“मी तारीख खोटी लिहिली,” नाना म्हणाले. “फूल खोटं न्हवतं लावलं. अन् कपाटात गेलेली शीट पुन्हा कोण बघतंय? एवढ्या वर्षांनी एक बाई येईल आन् निसत्या तारखाच वाचील, हे कुणाच्या सपनात आलं असतं?”

मायनं विचारलं, आता काय करायचं. नानांनी तांब्या पुन्हा भरून घेतला. मग भाकरी गार झाली ती झालीच.

शुक्रवारी मी कामाला गेले. काय करणार? घरी बसले असते तर पिंकी आली असती. मॅडम खुशीत होत्या. त्यांनी माझ्यासाठी लस्सी आणून ठेवली होती, ती मला जाईना. त्यांना वाटलं, ऊन लागलं.

वाईट म्हणजे आता मला ती गाठ सगळीकडं दिसायला लागली. बाकीच्या पोरांनी चिकटपट्टी लावलेली, ती पिवळी पडून निघालेली, किंवा डिंकाचे डाग. मधेच एखादी शीट अशी यायची की बघत राहावं. एक पान सुलटं, एक उलटं, म्हणजे दोन्ही बाजू दिसाव्यात. फुलाच्या घोसावर दुसरं फूल न पडेल असं मांडलेलं. आणि आडवा टाका, उलटी गाठ, शेव आत. बहावा, जानेवारी. करंज, जानेवारी. मी तारीख वाचायचे तेव्हा माझा आवाज हजेरीच्या वेळच्यासारखा व्हायचा. मॅडम म्हणायच्या, मोठ्यानं.

एका बहाव्यावर त्या थांबल्या. “हा मुलगा फार नीट काम करायचा,” म्हणाल्या. थोड्या वेळानं दुसऱ्या नावाच्या शीटवर पुन्हा तेच. मग तिसऱ्या. म्हणाल्या, ह्या कॉलेजात एकाहून एक पोरं होती. नाना दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या कामाला कुणी चांगलं म्हटलं, ते असं, दुसऱ्यांच्या नावानं, आणि त्यांना मान खाली घालावी लागली. मला त्यांच्याकडं बघवेना. मी भिंगातून बघत राहिले. भिंगात फक्त दोरा होता.

शनिवारी दुपारी, लाइट जायच्या आधी, मॅडम लिंबाची यादी पुन्हा तपासायला बसल्या. एका शीटपाशी अडल्या. मी ती गुरुवारीच वाचली होती, पण जानेवारीच्या गडबडीत विसरून गेले होते. कु. चांगुणा, दुसरे वर्ष. ठिकाण मानवत तालुका, शेताचा बांध. सोळा मार्च दोन हजार दहा. खाली पेन्सिलनं बारीक अक्षरात: ‘पाडवा. गुढीसाठी तोडला. फक्त कळ्या.’ डहाळी वाकडी चिकटवलेली, अर्धी पानं गळून कागदाच्या कडेला पडलेली. शंभरभर कळ्या, उमललेलं एकही नाही.

मॅडम म्हणाल्या, हे बसत नाही. त्याच साली जानेवारीत चुडाव्याला झाड भरून फुललंय आणि दोन महिन्यांनी मानवतला नुसत्या कळ्या? जानेवारीच्या दोन शीट एका बाजूला, ही एकटी एका बाजूला. हिनं नंतर आठवून तारीख टाकली असणार. आणि त्यांनी चांगुणाच्या ओळीपुढं लिहिलं, ‘शंकास्पद’.

“पाडवा कुणी विसरतं का मॅडम?” मी म्हणाले.

“दमलेला माणूस काहीही विसरतो,” त्या म्हणाल्या आणि डोळे चोळले. “सोमवारी पाठवलं की मी दोन दिवस नुसती झोपणार आहे.”

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मॅडमचा चेहरा, दारातले नाना आणि त्या लेखातलं माझं नाव, असं सगळं एकदम आडवं आलं. तेवढ्यात लाइट गेली आणि त्या म्हणाल्या, जा घरी, आजच्यापुरतं बस्स.

चांगुणा कोण, मला माहीत नाही. कुठं नांदते, काय करते, काही नाही. पण ती खरं लिहून गेली होती. गुढीला लिंब तोडायला गेली, त्यातलीच एक डहाळी शीटसाठी ठेवली, आणि फुललं नाही तर नाही असं लिहिलं. नऊ खोट्या तारखांनी तिला खोटं पाडलं होतं, आणि त्या नऊ तारखा वाचून दाखवणारी मी होते.

रविवारी नाना दिवसभर घरी होते. दुपारी आम्ही ओसरीत बसलो. वारा नव्हता, कुत्रं पाण्याच्या माठाखालच्या ओलीत पडलेलं. मी त्यांना चांगुणाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, मला ती आठवती. तिच्या शीटा लय खराब असायच्या, सर तिला रागावायचे.

मी विचारलं, नाना, तुमी मॅडमना सांगणार का?

त्यांनी जे सांगितलं ते मला आधी सुचलं नव्हतं. ते स्वतःसाठी भीत नव्हते. दोन वर्षांत घरीच बसायचंय, म्हणाले, मला काय बोलायचं ते बोलतील. पण चिठ्ठीवर पोरांची नावं आहेत. उद्या कुणी म्हणालं, ह्या नऊ जणांनी शीट केल्याच नाहीत, हे पास झालेच कसे? हरिओमची आता पोरं शाळेत जातात. त्याच्या डिग्रीवर कुणी बोट ठेवलं तर? “त्यांनी मागितलं न्हवतं बाई. मी थांब म्हणालो म्हणून थांबली ती.”

माय आतून म्हणाली, मग ऱ्हाऊ द्या की. संक्रांतीला लिंब फुललाय का न्हाई, ह्यानं कुणाचं पोट भरतंय.

मी म्हणाले, तूच तर म्हणालीस फुलत न्हाई म्हणून.

“म्हणाले. मला म्हाईत हाय ते म्हाईतच हाय. कागदात काय लिहिलंय त्यानं मपला पाडवा हलत न्हाई.”

तिचं हलत नाही, पण ज्याला पाडवा माहीत नाही अशा कुणीतरी कुठंतरी हा कागद वाचला तर? मॅडम म्हणाल्या होत्या, ही यादी एकदा टाकली की कुणीही वापरू शकतं, परदेशातलेही. ते हिशोब मांडतील की मराठवाड्यात लिंब अडीच महिने आधी फुलला. मग कुणीतरी आणखी त्यावर काहीतरी मांडेल. त्याच्या तळाशी काय, तर आमच्या प्रयोगशाळेच्या मागचं एक झाड, चार दिवसांचं ऊन आणि नानांची गाठ. आणि हो, खाली माझं नाव.

हे मी सगळं बोलले नाही. त्या खोलीतला थकवा माझ्या अंगात शिरला होता की काय कोण जाणे. नाना भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसले. झोपले नव्हते. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाला तरी इतका वेळ काहीही न बोलता सोबत केली असेल.

संध्याकाळी पिंकी आणि राजेश्री आल्या. पिंकीच्या मामांनी विचारलं होतं, कुठल्या पेपरला येणार आहे? मी म्हणाले, डोकं दुखतंय. राजेश्री म्हणाली, हिचं डोकं दुखतंय म्हणजे नक्की काहीतरी घडलंय, हिचं तर तोंड दुखायला पाहिजे. एरवी मी हसले असते. त्या गेल्यावर मी वहीचं एक पान घेतलं आणि आठवतील तेवढ्या शीट लिहून काढल्या, जिथं जिथं ती गाठ होती त्या. पोरांची नावं लिहिली नाहीत. स्टिकरचा नंबर, झाड आणि पुढं ‘तारीख खोटी, झाड खरं, एप्रिल’. नंबर सगळे आठवले नाहीत, पण झाडं आठवली. नऊ लिंब, आठ बहावे, सात करंज, आणखी किरकोळ. लिहिता लिहिता मला कळलं की मॅडमना कुणाच्या डिग्रीशी देणंघेणं नाही, त्यांना तारीख पाहिजे. खोटी तारीख काढून टाकता येते, चिठ्ठीवरचं नाव यादीत न टाकताही येतं. आणि मी विचारल्याशिवाय त्या नाही कशा म्हणणार. विचारायचं तर मला आता येतं.

सोमवारी सकाळी माय चुलीपाशी होती, नाना डबा पिशवीत ठेवायलेले. सात वाजताच घाम फुटला होता. नानांच्या शर्टची वरची गुंडी तुटलेली, ती त्यांनी लावलीच नव्हती. मी वेणी घातली, पान घडी करून दप्तरात ठेवलं आणि चहा न घेताच दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. सव्वीस जानेवारीला स्टेजवर उभी होते तशी.

“माय, नाना, ऐका,” मी म्हणाले. “मी आज मॅडमना सांगणार हाय. जानेवारीच्या तारखा खोट्या हायेत, चांगुणाची खरी हाय. पोरांचं एकबी नाव मी घेणार न्हाई, आन् त्यांनीबी घेऊ न्हाई, असं त्यांच्याकडून आधी कबूल करून घेणार. लेखातलं मपलं नाव काढायला लावणार. कुणी शिवलं, ते मी सांगणार न्हाई नाना. ते तुमचं तुमी ठरवा, आज न्हाई तर उद्या. पन मी आता तुमच्या आधी निघायले, का की तुमी दारात उभे असलात की मला बोलायला येत न्हाई.”